डाळीचे पाणी नको, डाळ द्या

मागच्या पाठात आपण बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांबद्दल बोललो. फक्त आईचे दूध, वरून पाणीसुद्धा नाही. हे आता आपल्या वस्त्यांतल्या बऱ्याच सुनांना पाठ झाले आहे. पण सहा महिने संपले की पुढे काय? इथे मात्र घरोघरी गोंधळ आहे. आजी एक सांगते, शेजारीण दुसरे, दुकानदार तिसरेच. आणि बाळाची वाढ अडकते ती नेमकी इथेच.

माझ्या नोकरीची बरीच वर्षे आरोग्यसेविका म्हणून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात गेली, म्हणून तिथलेच उदाहरण घेते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधी हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यात होते. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात शंभराहून जास्त लेकरे दगावली आणि कुपोषण हा शब्द साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी आला. मंत्री आले, योजना आल्या, रस्ते झाले. २०१६ साली पुन्हा मोखाडा-जव्हारच्या बालमृत्यूंनी वर्तमानपत्रांची पाने भरली. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर यांची ही लेकरे. आपली नव्हेत, असे कोणी म्हणू नये. रमाई आणि बाबासाहेबांची पाच लेकरे, त्यातले यशवंतराव तेवढे जगले, चार लहानपणीच गेली. गरिबाच्या घरातून लेकरू जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला शिकवावे लागत नाही.

शिवाय हा प्रश्न फक्त डोंगरातला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची दर शंभरातली ३५ मुले वयाच्या मानाने खुजी भरली. सहा महिने ते दोन वर्षे या वयात पुरेसा आणि पुरेशा प्रकारांचा आहार मिळणारी बाळे तर शंभरात दहासुद्धा नव्हती. भिवंडी, कल्याण, उल्हासनगरच्या आपल्या वस्त्या या आकड्यांतच आहेत.

आता मी काय पाहिले ते सांगते. उपकेंद्रात बाळांची वजने घ्यायचे, तेव्हा वाढीच्या तक्त्यावरची रेघ पाच-सहा महिन्यांपर्यंत छान वर चढायची. आई स्वतः काडीसारखी असली तरी दूध तिच्या बाळाला वाढवायचे. सातव्या-आठव्या महिन्यात रेघ आडवी व्हायची. वर्षाच्या आसपास जुलाब किंवा खोकला-ताप यायचा आणि रेघ खाली वळायची. आईला विचारले की ती म्हणायची, बाई, पोटभर पेज पितो, रडत नाही. ती खोटे बोलत नव्हती. बाळाचे पोट खरेच भरलेले असायचे. ते पाण्याने भरलेले असायचे.

वाटीतला हिशोब

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला सुमारे ६०० कॅलरी लागतात. त्यातल्या ४०० आईच्या दुधातून येतात. उरलेल्या २०० वरच्या अन्नातून यायला हव्यात. नऊ ते अकरा महिन्यांत ही गरज ३०० वर जाते, आणि एक ते दोन वर्षांत साडेपाचशेवर. बाळाचे पोट मात्र लहान. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी दोनशे मिलिलिटरच्या आसपास मावते, म्हणजे मोठी एक वाटी.

आता पेजेची वाटी बघा. पातळ पेजेच्या एका वाटीत तांदूळ असतो जेमतेम १० ग्रॅम. त्याच्या होतात ३५ कॅलरी. दोनशे कॅलरी भरायला असल्या सहा वाट्या पाजाव्या लागतील. वरच्यावर निवळ काढून दिलेल्या डाळीच्या पाण्याची कथा तर याहून वाईट, कारण डाळीचे सत्त्व तळाशी राहते, ते मोठी माणसे खातात आणि बाळाच्या वाट्याला पिवळे पाणी येते. "हलके असते, पचते" म्हणून आपण ते देतो. हलके असते हे खरे, कारण त्यात काही नसतेच.

याउलट ३० ग्रॅम तांदूळ, १५ ग्रॅम मूगडाळ आणि चहाचा एक चमचा तेल घ्या. म्हणजे छोटी मूठभर तांदूळ आणि त्याच्या निम्मी डाळ. तांदळाच्या शंभराच्या वर, डाळीच्या पन्नास, तेलाच्या पंचेचाळीस. झाल्या २०० कॅलरी. शिजवून घट्ट घोटले की एक मोठी वाटी होते. अर्धी सकाळी, अर्धी दुपारनंतर, दोन्ही वेळी ताजी शिजवून. सात-आठ महिन्यांच्या बाळाची दिवसाची गरज भागली. त्यात एक पैशाचीही विकतची पावडर नाही.

सगळा धडा खरे तर एवढाच आहे. चमचा तिरका केला की अन्न पाण्यासारखे ओघळता कामा नये, चमच्यावर थांबून मग हळू पडले पाहिजे. जव्हारला मी तराजू बाजूला ठेवून आधी हीच परीक्षा घ्यायचे.

मिक्सर नसला तरी चालते

हल्ली मोबाईलवर बाळाच्या प्युरीचे व्हिडिओ येतात. गाजराची, सफरचंदाची, कसली कसली. मिक्सर, फ्रीज, छोट्या बरण्या. ते पाहून आपल्या मुली मनातून खचतात, की आपल्याकडे हे काही नाही, मग बाळाला देणार काय? प्युरी म्हणजे शेवटी काय, मऊ शिजवून चेचलेले अन्न. भोपळा, रताळे, बटाटा वाफवा आणि वाटीत चमच्याच्या पाठीने किंवा स्वच्छ हाताने कुस्करा. पिकलेले केळे, पपई तर शिजवायचीही गरज नाही. डाळ-भात पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढला की लोण्यासारखा होतो. कुस्करताना सैल करायचे असेल तर पाणी घालू नका. आईचे दूध पिळून घाला, नाहीतर घट्ट वरणच घाला.

मिक्सरची एक अडचणही आहे. त्यात सगळे इतके गुळगुळीत होते की बाळ चावायला शिकतच नाही. सातव्या महिन्यात मऊ कुस्करलेले, आठव्या-नवव्यात थोडे दाणेदार आणि हातात धरून चघळता येईल असा भाकरीचा मऊ तुकडा किंवा उकडलेल्या बटाट्याची फोड, वर्षाचे झाले की घरच्या ताटातले मऊ करून. दहाव्या महिन्यापर्यंत गाठीचे अन्न तोंडाला लागले नाही, तर पुढे मूल "गिळत नाही, थुंकते" ही तक्रार घेऊन आया येतात. मात्र अख्खे शेंगदाणे, चणे, फुटाणे, फणसाच्या आठळ्यांचे तुकडे अजिबात नकोत. श्वासनलिकेत अडकतात. शेंगदाणा द्यायचा तर बारीक कूट करून, अन्नात मिसळून.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा. बाळ जिभेने बाहेर ढकलते, तोंड वेडेवाकडे करते. आवडत नाही म्हणून नव्हे. जिभेला आतापर्यंत फक्त ओढायचे माहीत आहे, म्हणून. उद्या परत द्या. आठव्या महिन्यापर्यंत दोन-तीन वेळा अर्धी वाटी, नऊनंतर तीन-चार वेळा पाऊण वाटी, वर्षानंतर एकेक वाटी आणि मधल्या वेळी काहीतरी खाऊ. आईचे दूध दोन वर्षे आणि त्यापुढेही चालू.

नागलीला मोड आणा

डोंगरात नाचणीला नागली म्हणतात. भात, नागली, वरई, उडीद, तूर, खुरासणी ही तिथली पिके. म्हणजे कुपोषणाच्या बातम्या ज्या गावातून येतात, तिथल्या शेतात बाळाचे उत्तम अन्न पिकते. ते वर्षभर पुरत नाही, हा वेगळा आणि मोठा प्रश्न. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळाच्या कितीतरी पट.

नागलीच्या पिठाची खीर घट्ट केली की गोळा होतो, बाळाला गिळवत नाही. म्हणून आई पाणी वाढवते आणि आपण पुन्हा पेजेवर येतो. यावर एक युक्ती आहे. नागली रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड आणा, कडक उन्हात वाळवा, दळा. हे मोडाचे पीठ साध्या पिठाच्या घट्ट, कोमट-गरम खिरीत चहाचा एक चमचा टाकून ढवळा. मिनिटा-दोन मिनिटांत खीर आपोआप सैल होते. पाण्याचा थेंब न घालता! मोड येताना धान्यात जे पाचक द्रव्य तयार होते ते पिठाचे गुंते तोडते. मग खिरीला पुन्हा एक उकळी द्यायची, गार करून भरवायची. वाटीतले धान्य तेवढेच, पण बाळाला गिळता येते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात यावर पुष्कळ काम केले. बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देणाऱ्या सयाजीराव महाराजांच्या नावाचेच हे विद्यापीठ. आपल्या आज्या नाचणीचे सत्त्व करायच्याच, त्यामागचे कारण तिथे नीट कळले. या कामासाठी मोडाचे पीठ भाजू नका, भाजले की ते द्रव्य मरते. पावसाळ्यात मोडाला बुरशी धरते. वास आला, काळे पडले तर फेकून द्या. दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्यात करून घट्ट डब्यात ठेवलेले बरे.

लोह कुठून आणायचे

बाळ जन्मताना आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येते. ती सहा महिन्यांच्या सुमारास संपते, आणि आईच्या दुधात लोह फार थोडे असते. त्यामुळे नवव्या महिन्यानंतर बाळाला लागणारे जवळजवळ सगळे लोह वरच्या अन्नातून यायला लागते. डाळ-भाताने ते भागत नाही. अंडे पूर्ण उकडून, कुस्करून, सहा महिन्यांनंतर लगेच देता येते, आधी चमचाभर, मग अर्धे, मग अख्खे. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने आणि सत्तर कॅलरी. कोंबडीची कलेजी स्वस्त मिळते, आठवड्यातून एकदा छोटा तुकडा शिजवून कुस्करा. उन्हात वाळवलेला बिनमिठाचा जवळा धुऊन, भाजून, बारीक पूड करा आणि चिमूट-दोन चिमटी भातात घाला. डोंगरात नदीची छोटी मासळी आणि खेकडे असतात, ते शिजवून, काटा-कवच काढून. सोबत लिंबाचे चार थेंब किंवा पेरूचा गर दिला तर डाळी-पालेभाज्यांतले लोहही अंगी लागते. चहा दिला तर तेच लोह वाया जाते.

इथे थोडे स्पष्ट बोलते. आपल्या काही घरांत वर्षावासात, आषाढी ते आश्विन पौर्णिमेपर्यंत, अंडी-मासळी बंद असते. मोठ्यांचा तो निश्चय चांगला आहे, त्यात मी पडणार नाही. पण हेच तीन महिने पावसाचे. कामे कमी, भाज्या महाग, जुलाब-ताप जास्त. बाळाने काही शील घेतलेले नाही. त्याचे अंडे चालू ठेवा. ज्यांच्या घरी मुळातच अंडे-मासळी नाही त्यांनी डाळीचे प्रमाण वाढवावे, शेंगदाण्याचे-तिळाचे कूट, दही, शेवग्याचा पाला रोज काहीतरी घालावे. लोहाचे औषध मात्र कोणीच चुकवू नये. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे सिरप आशाताईंकडून मिळते. शौच काळी होते, घाबरू नका.

पालघर-नाशिकसारख्या जिल्ह्यांच्या आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ च्या अखेरीस सुरू झाली. त्यातून अंगणवाडीत सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळी द्यायची तरतूद आहे. त्या भागात राहणाऱ्यांनी अंगणवाडीत जाऊन विचारावे.

भरवणार कोण?

हिशोब कळला, साहित्यही घरात असले, तरी एक गोष्ट उरते. बाळाला भरवायला अर्धा तास लागतो, दिवसातून तीन-चार वेळा. तो वेळ आईकडे असतो का? जव्हार-मोखाड्यात भात निघाला, दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर, बांधकामावर उतरतात. भिवंडी, वसई, ठाणे, नाशिक. शिमग्याला परततात. भट्टीवर आई विटा पाडते आणि बाळ सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. ती पोर पाच रुपयांचा बिस्किटपुडा चहात बुडवून भरवते, कारण तेवढेच तिला जमते. आपल्या वस्तीत वेगळे काय आहे? पहाटे झाडूकामाला, नंतर धुणीभांडीला गेलेली आई दुपारी दोनला येते. तोवर बाळ आजीकडे आणि आजीचे गुडघे धरलेले.

आईला दोष देऊन बाळ वाढत नाही. वाटून घ्यावे लागते. बापाने एक वेळ भरवावे, यात लाजण्यासारखे काही नाही. बाळाची वाटी वेगळी ठेवा. सगळ्यांच्या ताटात हात घालणाऱ्या बाळाने किती खाल्ले ते कोणालाच कळत नाही. विहारात आठवड्याला महिला मंडळ बसते, तिथे एका गल्लीतल्या तीन-चार आयांनी पाळी लावली तर एकीच्या घरी एकाच भांड्यात चार बाळांची खिचडी होते. जव्हारहून खाली उतरल्यावर डहाणू तालुक्यात कासा लागते. तिथे सत्तरच्या दशकात डॉ. पी. एम. शहा यांनी असेच काहीसे करून पाहिले. गावातल्याच बायकांना थोडे शिकवले. त्या घरोघर जाऊन बाळांची वजने घेत, आणि फार अशक्त बाळांना दवाखान्यात न हलवता घरीच, घरच्या अन्नावर सांभाळत. त्या बायका परक्या नव्हत्या, शेजारच्याच होत्या. म्हणून त्यांचे ऐकले गेले.

कामासाठी गाव सोडले तरी अंगणवाडी सुटत नाही. जिथे राहता तिथल्या अंगणवाडीत बाळाचे नाव घालता येते. सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार हा २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. तीन वर्षांखालच्या मुलांना तो घरी न्यायला मिळतो, दिवसाला ५०० कॅलरीच्या हिशोबाने. तो बाळाचाच आहे, घरात सगळ्यांनी वाटून संपवू नका. वस्तीत अंगणवाडीच नसेल आणि सहा वर्षांखालची चाळीस मुले असतील, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे. मंडळाने मुलांची यादी करून सह्यांचा अर्ज बालविकास प्रकल्प कार्यालयात द्यावा, पोच घ्यावी.

काही चुकीच्या समजुती

उष्टावण कधी करायचे, हा प्रश्न आपल्याही घरांत अजून निघतो. मुलाचे सम महिन्यात, मुलीचे विषम महिन्यात. म्हणजे मुलीचे पाचव्यात, वेळेआधीच, नाहीतर थेट सातव्यात. आपण मुहूर्त सोडला आहे ना? मग १८० दिवस पूर्ण झाले की दुसऱ्या दिवशी, मुलगा असो की मुलगी. घरात त्रिशरण-पंचशील म्हणून, आजी-आजोबांच्या हातून पहिला घास द्या, सोहळाही होतो.

दूधबाटली नको. ती नीट धुतली जात नाही आणि वस्तीतल्या पाण्याने जुलाब ठरलेले. वाटी-चमचा पुरे. वर्षाच्या आत मध नको, मीठ-साखर वरून घालू नका. गाईचे-म्हशीचे दूध खिरीत थोडे चालेल, पण वर्षाच्या आत आईच्या दुधाऐवजी नको. डब्यातल्या तयार पावडरीबद्दल सांगायचे तर, दोन वर्षांखालच्या बाळांच्या दूधपावडरी, बाटल्या आणि तयार अन्नाची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. कोणी दवाखान्यात किंवा वस्तीत फुकट नमुना देत असेल, तर तो कायदा मोडत आहे.

अन्न शिजवल्यावर दोन तासांच्या आत संपवा. फ्रीज नसेल तर सकाळचे संध्याकाळी नको, थोडेच करा. भरवणाऱ्याचे आणि बाळाचे, दोघांचे हात साबणाने धुवा. पावसाळ्यात पाणी उकळून.

आजारपणात

जुलाब लागले की अन्न बंद करण्याची पद्धत अजून गेलेली नाही. मी जी आडवी रेघ सांगितली ती खाली वळायची ती बहुतेक वेळा इथेच. जुलाबात आईचे दूध चालू, ओआरएसचे पाणी चालू, मऊ अन्न थोडे-थोडे पण जास्त वेळा चालू. सोबत झिंकची गोळी १४ दिवस, जुलाब थांबले तरी. बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्या, म्हणजे गेलेले वजन भरून येते.

अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची पट्टी असते. सहा महिन्यांनंतर महिन्यातून एकदा मोजून घ्या. घेर १२.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर बाळ घसरते आहे. ११.५ च्या खाली आला, किंवा दोन्ही पावलांवर सूज आली, अंगठ्याने दाबल्यावर खड्डा राहिला, तर घरगुती उपाय करत बसू नका. बाळ खातपीत असेल तर अंगणवाडीसेविकेला सांगा, गावातल्या बालविकास केंद्रात त्याची सोय होते. खात नसेल, ग्लानीत असेल, श्वास जोरात चालत असेल किंवा पावलांवर सूज असेल, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय. १०८ ची गाडी फुकट येते. जाताना बाळाचे वजनाचे कार्ड सोबत घ्या आणि वाटेत आईचे दूध पाजत राहा.